मुखवट्याची आतली बाजू

हे सावकाश वाचायचं आहे. एखाद्या परिच्छेदाशी थांबावंसं वाटलं तर थांबा, डोळे मिटा, श्वास आपल्या गतीने येऊ-जाऊ द्या आणि मग पुढे या. फोन हाताच्या अंतरावर नसेल तर उत्तम.

मनासमोर एक लाकडी मुखवटा आणा. ठसठशीत नाक, बटबटीत डोळे, कपाळावर मळवट, ओठांच्या कडेला रंगाचे पोपडे उडालेले. तो कुणाचा आहे, देवाचा की दैत्याचा, हे अजून ठरवू नका. नुसता समोर असू द्या.

आता त्याच्या मागे मुलूख उभा करा. हा मुखवटा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा आहे. नगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ज्वारीची रानं, कोरड्या विहिरी आणि साखर कारखाने आठवतात. पण याच जिल्ह्याची पश्चिमेची कड सह्याद्रीत शिरलेली आहे. 1646 मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर तिथे आहे. प्रवरा रतनगडाच्या अंगावर उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने उतरते. भंडारदऱ्याचं धरण 1926 पासून प्रवरेचं पाणी अडवून उभं आहे. इथे महादेव कोळी आणि ठाकर राहतात, भाताची खाचरं करतात, पावसाळाभर चिखलात उभे असतात. या डोंगरपट्ट्यात, त्याला लागून असलेल्या नाशिकच्या इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात आणि घाटाखाली जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत देव-दैत्यांची सोंगं नाचवतात. त्या उत्सवाला कुणी बोहाडा म्हणतं, कुणी भोवाडा, कुणी आखाडी. कुठे तो तीन रात्री चालतो, कुठे पाच, कुठे सात. मोखाड्याच्या बोहाड्याला बावन्न सोंगांची परंपरा सांगतात.

होळी होऊन गेली आहे. धान्य घरात आलं आहे. राब भाजून झाले किंवा भाजायचे आहेत, पाऊस अजून लांब आहे. वर्षातला हा एवढाच तुकडा शेताने माणसाला मोकळा ठेवला आहे. तुम्हीही अशाच एका मोकळ्या तुकड्यात आत्ता बसला आहात असं समजा. पुढचं काम येईल तेव्हा येईल.

आधी झाड पाहू.

मुखवटा कोरायला हलकं, मऊ लाकूड लागतं. सावर, पांगारा अशा झाडांचं. सावरीला तुम्ही ओळखता. शिशिरात ती सगळी पानं टाकून देते आणि मग उघड्या फांद्यांवर मांसल लाल फुलं घेऊन उभी राहते. कोवळ्या खोडावर जाड, टोकदार काटे असतात. इमारतीसाठी तिच्याकडे कुणी वळत नाही, कारण ओल लागली की ते लाकूड कुजतं, किडाही त्याला लवकर लागतो. सागाचं आढं होतं, शिसवीची पेटी होते. सावरीच्या वाट्याला चेहरा येतो. तो चेहरा माणसाने तोंडावर बांधून नाचायचं असतं, मानेवर त्याचा भार पेलायचा असतो, म्हणून इथे हलकेपणाला मान आहे.

इथे थोडं थांबा. देवाचा चेहरा करायचा ठरवलं तर आपण काय निवडू? बहुतेक दगड, नाहीतर धातू. शंभर पिढ्या टिकावा म्हणून. याच तालुक्यात रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, टाहाकारीला आढळा नदीकाठी जगदंबेचं देऊळ आहे. दोन्ही दगडी, दोन्ही शतकानुशतकं ऊन-पाऊस खात उभी. टिकणं म्हणजे काय हे या मुलखाला चांगलं कळतं. तरीही सोंगासाठी त्याने किडणारं लाकूड पसंत केलं. म्हणजे या चेहऱ्याला दर काही वर्षांनी माणसाचा हात लागणार, भेगा बुजवाव्या लागणार, रंग पुन्हा चढणार, आणि एक दिवस तो इतका जीर्ण होणार की नवा कोरावा लागणार. तो आपोआप टिकत नाही. त्याला टिकवत राहावं लागतं.

हे वाक्य मनात घोळू द्या. तुमच्या आयुष्यात असं काय आहे, जे आपोआप टिकत नाही? उत्तर शोधायला धावू नका. एखादं माणूस, एखादं नातं, एखादी सवय आपणहून समोर आली तर तिच्याकडे पाहा आणि तिला तिथेच राहू द्या.

आता ओंडक्यावर वाकस पडतो. पहिल्या घावांत चेहरा नसतो, नुसता उभट गोलवा असतो. मग मधोमध नाकाची धार उभी राहते, तिच्या आधाराने दोन्ही डोळ्यांची जागा ठरते, खाली तोंड. वाकस ठेवून पटाशी हातात येते. गाल उतरतात, भुवया वर येतात, ओठ उलगडतात. समोरची बाजू ही पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि पाहणारे रात्री, हलत्या उजेडात, लांबून पाहणार आहेत. म्हणून सगळं ठळक: डोळे मोठे, दात मोठे, रंग भडक. जवळून ओबडधोबड वाटणारी रेघ वीस पावलांवरून बरोबर बसते.

आणि मग कारागीर तो मुखवटा उलटा करतो.

आपलं खरं मनन इथून सुरू होतं. मुखवट्याची मागची बाजू काठवटीसारखी खोल कोरावी लागते. भिंत जाड राहिली तर मान मोडेल, पातळ झाली तर नाचताना तडकेल. कपाळ कुठे टेकेल, हनुवटी कुठे येईल, श्वास कुठून बाहेर जाईल, हे सगळं आतून ठरतं. या बाजूला रंग नसतो. डोळे, ओठ, मळवट, यांतलं काही नसतं. पटाशीचे चर तसेच दिसतात. बाहेर जिथे प्रचंड डोळे रंगवले आहेत, तिथे आतून पुष्कळदा नुसतं लाकूड असतं. नाचणारा पाहतो ते नाकपुडीच्या किंवा तोंडाच्या फटीतून, नाहीतर कुठल्या तरी लहानशा भोकातून. बाहेरून जो सगळ्या जगाकडे रोखून पाहतो, त्याला आतून हातभर जमीन दिसते.

दोन्ही तळहात आता चेहऱ्याजवळ आणा. टेकवू नका, बोटभर अंतर ठेवा. डोळे मिटा. नाकातून श्वास सोडा. तो तळहातांवर आपटून परत गालांवर येईल, कोमट, किंचित ओलसर. पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. मुखवट्याच्या आत एवढंच असतं: स्वतःचा परत येणारा श्वास, डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याचा दाब, मागे आवळलेल्या दोरीची ओढ. बाहेर लोक रावण आला म्हणून ओरडत असतात, आणि आत एक माणूस आपला श्वास मोजत असतो. हात खाली घ्या. श्वास तसाच चालू द्या.

बाहेर संबळ वाजायला लागली आहे. तिच्या जोडीला पिपाणीचा किंवा सनईचा सूर आहे. गावाच्या वाटेवर दोन्ही अंगांनी माणसं बसली आहेत, मधे सोंगाला यायला-जायला जागा सोडली आहे. पूर्वी पेटत्या टेंभ्यांचा उजेड असे, पुढे गॅसबत्त्या आल्या, आता विजेचे दिवे. आधी गणपती येतो. शारदा येते. मग मारुती, नरसिंह, भीम, खंडेराव, वेताळ, त्राटिका, कुंभकर्ण, रावण. एकाची चाल दुसऱ्याला चालत नाही. ज्याचं त्याचं पाऊल वेगळं, त्याचा ठेका वाजवणाऱ्यांच्या हातात पक्का बसलेला. सोंग चार पावलं पुढे येतं, घुमतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं. आतल्या माणसाला वाट नीट दिसत नसते, म्हणून उजेड धरणारे त्याच्या अंगासंगाने चालतात. दशमुखी रावणाचा पसारा एवढा असतो की त्याला सावरायला आणखी हात लागतात.

पूर्वापार रीत अशी की सोंगं घराण्यांत वाटलेली असतात. एका घरी मारुती, एका घरी शारदा, एका घरी दैत्य. काही गावांत सोंगाच्या मानासाठी बोली लागते, कुणी नवस फेडण्यासाठी सोंग घेतं. रीत कुठलीही असो, आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. समोर बसलेल्या पोराला मुखवट्याखालचे पाय ओळखू येतात. काल त्याच पायांनी तो माणूस बैलांमागे चालला होता. आणि तरी पोर घाबरतं, आईला बिलगतं. ओळख आणि भय ही दोन्ही एकाच वेळी खरी असतात.

या ठिकाणी मी नेहमी अडतो, तुम्हीही अडा. आपल्याला शिकवलेलं असतं की मुखवटा म्हणजे लपणं, खोटेपणा; तो काढा की खरा माणूस दिसेल. अकोल्याच्या डोंगरातला मुखवटा या समजुतीत मावत नाही. इथे कुणी लपलेलं नाही. आपला चेहरा थोडा वेळ बाजूला ठेवून एक माणूस दुसऱ्या कुणाला जागा देतो, आणि गाव ते उघड्या डोळ्यांनी पाहतं. देव त्या पोकळीत उतरतो असं मानणारे मानतात. न मानणाऱ्यालाही एवढं दिसतंच, की ती पोकळी ओळखीच्या माणसाच्या श्वासाने भरल्याशिवाय मुखवटा पुरा होत नाही.

आता त्या मुखवट्याकडे पाहा ज्याच्याकडे पाहायचं आपण टाळतो.

दैत्याचा. सुळे बाहेर आलेले, जीभ लोंबती, रंग काळा किंवा रक्तासारखा. महिषासुराची शिंगं आठवा. गावात हा मुखवटाही कुणाच्या तरी वाट्याचा आहे. बाप नाचवत होता, आता मुलगा नाचवतो. देवांच्या मुखवट्यांसारखाच तोही जपला जातो, नाचण्याआधी त्याच्याही पाया पडतात. दैत्याचं सोंग घेणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. ते कुणीतरी घ्यायलाच हवं, नाहीतर देवी लढणार कुणाशी?

तुमच्या आतल्या एखाद्या दैत्याला इथे येऊ द्या. राग असेल, मत्सर असेल, जुनी सल असेल. त्याला नाव द्यायची गरज नाही आणि त्याच्याशी वाद घालायचीही नाही. गाव दैत्याचं काय करतं तेवढं पाहा. गाव त्याला हाकलून देत नाही. त्याला तोंड देतं, रंग देतं, ठेका देतं. दोन रांगांमधली वाट देतं, तिच्या बाहेर त्याने जायचं नाही. त्याच्या सोबत उजेड देतं. त्याच्यासाठी एक वेळ ठरवतं, आणि त्या वेळात त्याला पूर्ण ताकदीनिशी नाचू देतं. पोरं किंचाळतात, म्हातारी माणसं सरसावून बसतात. वेळ संपली की त्याने परत फिरायचं. दैत्याला हद्द आहे, पण त्या हद्दीत त्याला मोकळीक आहे.

तुमच्या रागाला अशी वाट आहे का? त्याच्या सोबत उजेड घेऊन कोण चालतं? हे प्रश्न घेऊन एक-दोन मिनिटं नुसते बसा. पाठ ताठ, खांदे सैल. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही.

शेवटची रात्र सरत येते. आता जगदंबेचं सोंग निघतं.

देवीचा चेहरा चढवणाराही पुरुषच असतो. शारदा, त्राटिका, जगदंबा, सगळ्यांच्या आत पुरुष. लुगडं नेसलेला, दागिने ल्यालेला, हातात शस्त्र घेतलेला. दिवसा ज्याला नावाने हाक मारायची, त्याच्यापुढे बायका ओटी घेऊन उभ्या राहतात, पायांवर डोकं ठेवतात. तेवढा वेळ मुखवट्याआडच्या त्या माणसाने आई व्हायचं असतं. महिषासुराशी लढाई होते, दैत्य पडतो, आणि बोहाडा संपतो.

इथून एक लांबची झेप घेऊ. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गॅबॉन नावाचा देश आहे. तिथल्या पुनू लोकांचे लाकडी मुखवटे जगभर नावाजलेले आहेत. पांढऱ्या मातीने रंगवलेला शांत चेहरा, फटीएवढे मिटत आलेले डोळे, उंच बांधलेला केशसंभार, कपाळावर आणि कानशिलांवर माशाच्या खवल्यांसारख्या उठावाच्या खुणा. चेहरा स्त्रीचा. पांढरा रंग तिथे पितरांचा, परलोकाचा. आणि तो मुखवटा घालतो पुरुष, उंच काठ्या पायांना बांधून, सगळ्या गावाच्या डोक्यांवरून दिसेल असा नाचत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला असे मुखवटे पॅरिसला पोहोचले, चित्रकारांनी आणि संग्राहकांनी ते डोक्यावर घेतले. आज पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात ते काचेआड पाहायला मिळतात.

सह्याद्रीचा गावकरी आणि पुनू नर्तक यांची कधी गाठ पडली नाही, एकाने दुसऱ्याकडून काही घेतलंही नाही. तरी दोघांनीही लाकडातून बाईचा चेहरा कोरला आणि तो पेलायचं काम पुरुषावर टाकलं. आईचा, पूर्वज स्त्रीचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्यावर बांधल्यावर पुरुषाच्या आत काय होत असेल? ज्या घरांत बाईचं ऐकून घेतलं जात नाही, तिथल्या पुरुषाला हे करायला लावावं असं मला मनापासून वाटतं. नुसती पूजा केल्याने जे कळत नाही, ते त्या पोकळीत चेहरा घातल्यावर कदाचित कळेल.

पण काचेपाशी परत येऊ. संग्रहालयातला मुखवटा कसा लावलेला असतो? भिंतीला पाठ, तोंड आपल्याकडे. दिवा वरून. पाटीवर लाकूड, रंग, उंची. ज्या बाजूला माणसाचं कपाळ टेकलं, घाम मुरला, श्वासाची वाफ जिरली, ती बाजू भिंतीकडे. पुण्यात राणीच्या बागेजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 साली स्थापन झालेली. तिच्या संग्रहालयात महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या वस्तूंबरोबर बोहाड्याचे मुखवटेही ठेवले आहेत. ते जरूर पाहा. असं जतन व्हायलाच हवं. पाहताना मात्र मनाने त्यांच्या मागे जा आणि आत चेहरा घाला. त्याखेरीज तुम्ही अर्धाच मुखवटा पाहिलात असं मी म्हणेन.

लाकडाचे मुखवटे आता कमी होत चालले आहेत. कागदाचा लगदा खळीत कालवून साच्यावर थापतात, वाळला की ऑइलपेंट देतात. पुष्कळांना यात ऱ्हास दिसतो. मला तसं वाटत नाही. कागद हलका आहे, झाड तोडावं लागत नाही, आणि सोंगाला जे हवं ते त्यात पुरेपूर आहे: समोर चेहरा, मागे पोकळी. हलकेपणासाठी सावर निवडणाऱ्या माणसाने उद्या कागद निवडला, तर तो आपल्याच विचाराने चालला आहे. मला दुखतं ते दुसरंच. एखाद्या घरातला पिढ्यांचा मुखवटा शहरातल्या दिवाणखान्यासाठी विकला जातो. चेहरा जातो तो जातोच, शिवाय त्या घराच्या वाट्याची जागा रिकामी होते. त्या वर्षी ते सोंग निघत नाही, पुढच्या वर्षी त्याचा ठेका वाजत नाही, आणि मग तो ठेका वाजवणारे हातही थकतात.

उजाडलं आहे. मागची गाठ सुटते. मुखवटा चेहऱ्यावरून निघतो आणि कितीतरी वेळाने त्या माणसाच्या गालांना वारा लागतो. कपाळावर फडक्याचा वळ, मान आखडलेली, डोळे उजेडाला बिचकलेले. देव होता, दैत्य होता, आता तो पुन्हा आपल्या घरचा माणूस आहे. चहा घेईल, झोपेल, उठून गुरांकडे पाहील. मुखवटा कापडात गुंडाळून माळ्यावर किंवा देवळात आपल्या जागी जाईल. जगदंबा आणि महिषासुर पुढचा पावसाळा एकाच छपराखालीही काढतील.

तुम्हीही आता आपल्या चेहऱ्यावर परत या. कपाळ, भुवया, जबडा सैल सोडा. दिवसभरात आपणही किती चेहरे बांधतो: नोकरीतला, घरातला, पाहुण्यांसमोरचा. ते वाईट नाहीत. मात्र त्यांतला एखादा कित्येक दिवसांत उतरवलेलाच नाही असं वाटलं, तर आज तो उतरवा. बोहाड्याच्या गावात नाच संपल्यावर कुठलंही सोंग अंगावर राहत नाही.

एक विनंती करून थांबतो. जुना, नाचवलेला मुखवटा कुणी विकायला काढला तर तो घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. घरात मुखवटा हवाच असेल तर कारागिराकडून नवा घ्या. जव्हार तालुक्यातलं रामखिंड हे गाव मुखवटे घडवण्यासाठी ओळखलं जातं. आणि होळीनंतरच्या दिवसांत अकोल्याकडे किंवा घाटाखाली जाणं झालं, तर जवळपास बोहाडा कुठे आहे याची चौकशी करा. गावकऱ्यांना विचारून बसा, सोंगाच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभे राहू नका. रात्रभराची सवड काढून जा, कारण जगदंबेचं सोंग सगळ्यांत शेवटी निघतं.